मावशीने पुकारलेला सामना

फुलबाजारात मावशीला सगळे 'तोफ' म्हणत. सकाळी ती लिलाव पुकारायला उभी राहिली की दुसऱ्या कोणाला तोंड उघडायला जागाच उरत नसे. तिची भाची शिकायला तिच्याकडे राहायची आणि मागच्या खोलीतून व्हिडिओ गेमच्या स्पर्धा लाइव्ह दाखवायची. आवाज घुमू नये म्हणून तिने भिंतीवर जुन्या गोधड्या टांगल्या होत्या.

त्या रविवारी दुपारी अंतिम सामना होता. निळे पाच, पिवळे पाच. जो दुसऱ्याच्या किल्ल्याचं दार फोडेल तो जिंकला. ऐन वेळी भाचीच्या मैत्रिणीचा घसा बसला. ती समालोचन करायची. भाचीला स्क्रीन सांभाळता येत होता, पण माइकपुढे तिची दातखीळ बसायची.

"मावशी, तू बोल."

"वेडी का खुळी? मला त्यातलं काय कळतं?"

"रोज जेवताना बघतेस ना? निळ्यांतला तो लाल केसवाला कसा आहे, सांग."

"भित्रा मेला. सारखा झाडामागे."

"बस्स, हेच बोल!" भाचीने तिच्या कानांवर हेडफोन चढवलासुद्धा.

पहिली काही मिनिटं मावशी शाळेत कविता म्हणावी तशी बोलली. 'या काकू कोण?' असं कोणीतरी चॅटमध्ये लिहिलं. तेवढ्यात पिवळ्यांनी पुलावर निळ्यांचे दोघे एकदम पाडले आणि मावशीचा बाजारी गळा सुटला.

"गेले! दोघे गेले! अरे, तिसरा काय हवा खायला उभा राहिलाय? तोही गेला! चौथाही! आता उरला कोण, तर आमचा झाडामागचा!"

पाचही पिवळे त्याच्या मागे लागले. तो पळत सुटला, पण थेट त्यांच्याच किल्ल्याकडे!

"अगं आई गं! हा घरी नाही, सासुरवाडीला निघालाय!"

दार फोडायला तलवारीचे तीन घाव लागत. मावशी खुर्ची ढकलून उभी राहिली. लिलावात शेवटची बोली पक्की करताना लागायचा तसाच तिचा आवाज लागला.

"एक वार! दोन वार!..."

चॅटमध्ये शेकडो जणांनी एकदम लिहिलं, 'तीन वार!'

दार कोसळलं. भाची मावशीच्या गळ्यातच पडली. घसा बसलेली मैत्रीण नुसतीच नाचत होती.

संध्याकाळी भाचीच्या मोबाइलवर मावशीसाठी फोन आला. पलीकडे बाईचा आवाज. "मी तो लाल केसवाला. दवाखान्यात नर्स आहे. आत्ता रेकॉर्डिंग बघितलं. तुम्ही मला भित्रा म्हणालात!"

"अगं बाई, तू होतीस होय? मग खोटं काय बोलले? होतीसच की!" मावशी म्हणाली. "पण वळलीस काय झोकात! माझ्या तर अंगावर काटा आला."

दोघी हसत सुटल्या. तेव्हापासून दर रविवारी सामना मावशीच पुकारते. बघणारे इतके वाढलेत की हल्ली संघच भाचीला विचारतात, "आमच्या सामन्याला तोफ आहे ना?"