बापटसाहेबांची चार मतं

आमच्या मकरपुऱ्याच्या कंपनी बसमध्ये रोज जाऊन-येऊन किस्से इतके साचतात, की सांगायला रिटायरमेंटच हवी. त्यातले निम्मे एकट्या बापटसाहेबांचे! क्वालिटी कंट्रोलमध्ये आयुष्यभर माल रिजेक्ट करता करता त्यांनी सगळे पक्षही रिजेक्ट केले. "राजकीय विचार माझा आहे, तो कुठल्या ऑफिसात जमा करणार नाही," हे वाक्य आम्हाला पाठ. आणि यंदा त्यांच्याच बायकोला, सुनंदाताईंना, एका पक्षाने महानगरपालिकेचं तिकीट दिलं!

* * *

साहेबांनी बसमध्ये पेढे वाटले. वर बजावलं, "पेढे बायकोचे आहेत. पक्षाचे समजून खाऊ नका."

आमच्या गुजराती ड्रायव्हर रमणभाईंनी लगेच दुसरा उचलला. "तो आ एक अपक्षनो!"

* * *

जाहीरनाम्याचं प्रूफ घरी आलं. साहेबांनी सवयीने लाल पेन काढलं. 'बागा सुंदर करू' पुढे समासात शेरा: 'सुंदर म्हणजे किती? माप द्या.' 'लवकरच पाणी' पुढे: 'तारीख नाही. रिजेक्ट.'

पक्षाच्या ऑफिसात कुणीतरी ते तपासून ओके झालंय असं समजून प्रेसला धाडलं. आमच्या वॉर्डात जाहीरनामा शेऱ्यांसकट वाटला गेला! लोकांनी मात्र पहिल्यांदाच तो शेवटपर्यंत वाचला.

* * *

गळ्यात पक्षाचा खेस, म्हणजे उपरणं, घालणार नाही, पण बायकोचा प्रचार करणार, असं साहेबांनी ठरवलं. एकटेच दारोदार फिरले. "सुनंदा चांगली आहे, तिला मत द्या. पक्ष तितकासा बरा नाही."

चौथ्या दिवशी वॉर्डप्रमुख हात जोडून घरी हजर. "साहेब, तमे घरे बेसो ने! ए ज मोटी मदद!"

* * *

आमच्याकडे एका वॉर्डात चार नगरसेवक, म्हणून प्रत्येकाला चार मतं. पक्षाचा एकच धोशा: चारही आम्हालाच द्या, पॅनल तोडू नका.

साहेबांनी चारचौघांत जाहीर केलं, "एक बायकोला. उरलेली तीन माझ्या सदसद्विवेकाला!"

झालं. घरात अबोला. ताईंचं म्हणणं एवढंच, की जिचा नवराच पॅनल तोडतो, तिला पक्षात कोण विचारणार? साहेब स्वतःच डबा भरून आणायला लागले. भात कच्चा असायचा. आम्हाला त्यांचं खरंच वाईट वाटत होतं, पण हसूही आवरत नव्हतं.

* * *

मतदानाच्या दुसऱ्या दिवशीची बस. फॅक्टरीचं गेट दिसायला लागलं तेव्हा साहेबांनी सगळं सांगितलं.

मतदान करून दोघं घरी आले होते. ताईंनी आपणहून चहा केला. साहेबांना वाटलं, चला, मिटलं. म्हणाले, "एक तुलाच दिलं हं. बाकी तीन माझ्या विचाराने."

"मी तीन पक्षाला दिली," ताई म्हणाल्या. "कबूल केलं होतं ना, मग शिस्त म्हणजे शिस्त."

"आणि चौथं स्वतःला!"

"छे! माझ्याविरुद्ध उभ्या आहेत ना त्या शिक्षिका, पटेलबेन? त्यांना दिलं. त्या माझ्यापेक्षा चांगलं काम करतील."