घोड्याच्या घरात पोचलेलं प्यादं

वजीर हाताशीच ठेवलेला होता. तो उचलायचा, पटावर ठेवायचा, की सामना आमचा. आमच्या संघमित्रानं घोडा उचलला.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालंच. पंचांनी डोळे वटारले. खेळ चालू असताना कोचनं तोंड उघडायचं नसतं.

मी शाळेत गणित शिकवते आणि चेस क्लब चालवते. मेहकरला आंतरशालेय स्पर्धेची फायनल होती. चार बोर्डांपैकी तीन संपले होते. एक जिंकलो, एक हरलो, एक ड्रॉ. चौथ्यावर संघमित्रा. नववीत, उंद्रीची, क्लबात नवीन. ती जिंकली तरच आमची शाळा पहिल्यांदा विभागीय स्पर्धेला जाणार होती. ड्रॉ झाला, तर आधीच्या गुणांवर समोरची शाळा.

आता हे प्रमोशन काय असतं ते सांगते. प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं की त्याच्या जागी वजीर, हत्ती, उंट, घोडा, हवं ते घेता येतं. वजीर सगळ्यात ताकदवान. डोकं ठिकाणावर असलेला माणूस वजीरच घेतो. घोडा आणि राजा एवढ्यावर तर मातही होत नाही.

शेजारी समोरच्या शाळेचे सर बसले होते. ते माझ्याकडे झुकले. "मॅडम, पोरगी खेळून राह्यली का मजाक करून राह्यली?"

"असंन काही डोक्यात तिच्या," मी म्हटलं. मला काय माहीत, कपाळ!

पण मला चैन पडेना. वजीर घेतला असता तर काही बिघडलं असतं का? मी मनातल्या मनात पट मांडून पाहिला. काहीच बिघडत नव्हतं. मग घोडा कशाला?

तिचं अजून एक प्यादं होतं, कडेच्या उभ्या रांगेत. समोरचा राजा ते अडवायला धावला. संघमित्रानं घोडा नाचवत त्याला दूर ठेवलं आणि प्यादं पोचवलं. आता तरी वजीर घे, माय!

तिनं हत्ती घेतला.

घड्याळात थोडाच वेळ उरला होता. पण हत्तीनं काम केलं. मात झाली. ती बाहेर आल्यावर मी तिला आधी मिठी मारली, मग विचारलं, "काऊन गं, वजीर काऊन नाही घेतला?"

तिनंच माझ्याकडे नवलानं पाहिलं. "घोड्याच्या घरात पोचलं मॅडम, तर घोडाच मिळंन ना? कोपऱ्यात हत्ती. वजीर पाह्यजे तर वजिराच्या घरात न्या लागते."

तिला खेळ शिकवला तिच्या बाबांनी, उंद्रीत विहारासमोरच्या ओट्यावर. तिथं जुन्या देशी पद्धतीनं खेळतात. डाव मांडताना ज्या घरात जो मोहरा उभा असतो, तिथं पोचलेल्या प्याद्याला तोच मिळतो. क्लबात मी विचारलं होतं, "प्रमोशन माहीत आहे ना?" ती म्हणाली होती, "हाव मॅडम." झालं. आणि सरावात तिचं प्यादं पोचायच्या आधीच समोरचे हरायचे.

"अगं, कुठल्याही घरात वजीर घेता येतो!" मी म्हटलं.

ती हिरमुसली. "कुठंबी? मंग त्यात मज्या काय राह्यली?"

विभागाला गेलो. तिथं तिनं वजीर घेतला, पण तोंड वाकडं करून.

आता क्लबात नवीन पोर आलं की मी "माहीत आहे का" विचारत नाही. प्यादं शेवटच्या घरात ठेवते आणि म्हणते, "दाखव."