दुधाळ झालेले स्क्रू

माझ्या आईला इस्पितळात सगळेच मावशी म्हणत, तिच्याहून वयाने मोठे डॉक्टरसुद्धा. सव्वीस वर्षं तिने ऑपरेशनची हत्यारं धुतली, वाफेच्या यंत्रात घातली, मोजून ट्रेमध्ये लावली. घरी आम्ही भांडी घासायला घेतली की म्हणायची, "राहू दे, तुमचं स्वच्छ म्हणजे माझं खरकटं."

त्या वर्षी मोडलेल्या हाडांसाठी नवे स्क्रू आले. पॉलिमरचे, काचेसारखे पारदर्शक. हाड जुळलं की दोन-तीन वर्षांत अंगातच विरणारे, म्हणजे काढायला पुन्हा चिरफाड नको. ते बंद पाकिटातून निर्जंतुक होऊनच यायचे. एकदा उघडलेल्या पाकिटातले तीन उरले, आणि आईने हाताच्या सवयीने ते स्टीलच्या स्क्रूंबरोबर वाफेत घातले.

दोन दिवसांनी ट्रे आवरताना तिला दोनच सापडले. वाफेच्या उष्णतेने दुधाळ झालेले. तिने एक दाबून पाहिला, तर कट्कन तुटला.

तिसरा आदल्या दिवशी गडबडीत एका शिंपिणीच्या घोट्यात बसला होता.

आई तुकडे रुमालात घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली. "साहेब, चूक माझी आहे. त्या बाईंना सांगा."

डॉक्टरांनी तुकडे उलटसुलट करून पाहिले. "प्लास्टर आहे, धरेल कदाचित. उगाच घाबरवायचं कशाला?"

"नाही धरलं तर?"

"तेव्हा बघू. मावशी, तुम्ही यात पडू नका."

दोन दिवस आईने वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली आणि शिंपिणीला सगळं सांगून मोकळी झाली. बाई चिडली नाही. एवढंच म्हणाली, "मला शिलाई मशीन चालवता येईल ना हो?"

मग बाईचा भाऊ येऊन भांडला. एक्स-रे काढला, तर हाड सरकलेलं. दुसरं ऑपरेशन झालं, स्टीलची पट्टी बसली. बाई अजून जराशी लंगडते. आईला चादरी मोजायच्या कामावर टाकलं, आणि डॉक्टर तिला बघून मान फिरवू लागले.

मी एकदा विचारलं, "गप्प बसली असतीस तर?"

"हाड तरीही सरकलं असतं. तिला मात्र वाटलं असतं, आपणच कुठेतरी पाय चुकीचा टाकला."

त्या शिंपिणीचं दुकान आमच्या मागच्याच गल्लीत आहे. आई तिकडून जात नाही.