आबांनी फेटा काढला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको तिथं होती, तिला सांगायची गरज नव्हती — पण त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं इतक्या वर्षांत एक शब्द बोललेलो नाही. आता तुम्हाला लिहून सांगतो. थांबत थांबत सांगेन, चालेल ना?

माझे वडील, आबा, कोल्हापूर दरबारात चित्तेवान होते. काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळलेले असत. ते आफ्रिकेतून बोटीनं यायचे, डोळ्यांवर कातडी टोपी बांधून. नवा चित्ता आला की आबा त्याच्या शेजारी बाज टाकून झोपत, त्याच्याशी बोलत, माणसांची सवय व्हावी म्हणून त्याला घेऊन भर बाजारात बसत. शिकार झाली की लांब दांड्याच्या लाकडी पळीत ताजं रक्त धरायचं आणि हाक मारायची. पळी दिसली की चित्ता सावज सोडून यायचा. पुढं संस्थान विलीन झालं, चित्ते गेले, आबा रिकामे झाले. मी तेव्हा नैरोबीत एका ऑफिसात कारकून होतो. म्हटलं, या माझ्याकडं राहायला.

आले ते ट्रंकेत पळी घेऊन. नातीला दाखवायला. पहिल्याच दिवशी म्हणाले, "त्या जनावरांस्नी डोळं बांधून आणलं रं. त्येंचं गाव एकदा बघायचं हाय."

नैरोबीच्या वेशीला लागूनच सरकारनं राखलेलं रान आहे. आमच्या हेडक्लार्कांची मोटार होती. ते पुण्याकडचे, बोलायला तिखट. एका रविवारी ते आम्हाला घेऊन निघाले — मी, बायको, आमची लेक शालन आणि आबा. शालनच्या हट्टापायी पळीही बरोबर. बायकोनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती.

ऑफिसात मी आबांच्या किती गोष्टी सांगितल्या होत्या! खऱ्या सांगितल्या, त्यांत भर घातली. आबांनी शीळ घातली की रानातलं जनावरसुद्धा पायाशी येतं, असंही बोलून गेलो होतो. का? त्या परक्या गावात मी कोण होतो? कारकून. माझ्याजवळ मोठं असं एवढंच होतं — माझा बाप.

दुपारी एका वारुळावर चित्ता दिसला. पन्नास पावलांवर. मोटार थांबली. आबा काचेला नाक लावून बघत होते. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले, "डोळं उघडं हायती की रं."

तेवढ्यात हेडक्लार्क म्हणाले, "काय हो, तुमचे तीर्थरूप नुसत्या शिळेवर जनावर बोलावतात ना? मग बोलवा की! का या ऑफिसातल्याच थापा?"

आबा हसले. "न्हाय सायेब. आमचा चित्ता आमच्या हातचं खायाचा. ह्यो सोताचा धनी हाय. त्याला कशापायी हाक मारायची?"

इथं थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. गाडीतून उतरू नये अशी पाटी फाटकावर होती, इंग्रजीत. आबांना वाचता येत नव्हतं. मला येत होतं. मी पळी त्यांच्या हातात दिली, दार उघडलं आणि म्हणालो, "आबा, माझी लाज राखा."

ते उतरले. पळी उंच धरून त्यांनी ती लांबलचक हाक मारली. चित्त्यानं कान टवकारले, एकदा पाहिलं, आणि तो सावकाश गवतात निघून गेला. दुसऱ्या बाजूनं मात्र जीप आली — रानाचा गोरा अंमलदार. यांना कुणी उतरवलं, असं त्यानं मला दरडावून विचारलं.

आता तेच सांगायचं आहे. तेच तर सांगायचं आहे.

माझ्या डोळ्यांपुढं नोकरी आली. मी इंग्रजीत म्हणालो, यांचं डोकं ठिकाणावर नाही, स्वतःच दार उघडून उतरले. आणि बोट कपाळाशी नेऊन फिरवलं.

आबांना इंग्रजी येत नव्हतं. बोट कळलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं — फार वेळ नाही. मग डोक्यावरचा फेटा काढला. चारचौघांत उघड्या डोक्यानं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फेटा मांडीवर घेऊन ते धुळीत बसले आणि जमिनीकडं बघून वेड्यासारखे हसू लागले. अंमलदारही हसला. म्हणाला, घेऊन जा म्हाताऱ्याला.

शालन काचेतून बघत होती. हेडक्लार्कांनी मोटार सुरू केली. परत येताना धपाट्यांची पुरचुंडी कुणी सोडली नाही.

एवढ्यावर संपलं असं वाटतं का तुम्हाला? त्यांच्यासमोर बसून मला जेवण जाईना. पुढच्याच बोटीनं मी त्यांना परत पाठवलं. पण इतक्या लवकर का, याला कारण नको? मी थोरल्या भावाला पत्र लिहिलं — आबांचं डोकं फिरलंय, लक्ष ठेव. दादानं विश्वास ठेवला. बाहेरच्या दाराला कडी घालू लागला, पोरांना त्यांच्याजवळ एकटं सोडीना. आबा तसेच तीन वर्षं राहिले आणि गेले. माझं पत्र खोटं आहे, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

मी आता कोल्हापुरातच असतो. गेल्या महिन्यात दादाच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलीचा आजा वेडा होता, असं मुलाकडच्यांच्या कानावर गेलं. दादा माझ्या घरी सोप्यात बसून म्हणाला, "आबांचं डोकं फिरलं, ते पोरीच्या आड आलं बघ."

मी चहा ढवळत होतो. म्हणालो, "व्हय."

त्यालाही आता महिना झाला.

आबांचं डोकं अखेरपर्यंत ठिकाणावर होतं. खोटं मी बोललो; निभावलं त्यांनी. हे मला आधी दादाच्या घरी जाऊन सांगायचं आहे, आणि मग त्या मुलाकडच्यांच्या घरी. आज नुसतं लिहिलं आहे. त्यांना सांगितलेलं अजून नाही.