राखेनं धुतलेला डबा

ढाणकीच्या स्टँडवर एसटीची वाट पाहताना ती बाई मला एकदाच भेटली. चहावाल्याला तिनं दटावलं, "साखर नको टाकू, मले शुगर हाये." इतकी काटेकोर! आणि मग पिशवीतून फवारणीच्या औषधाचा जुना डबा काढून त्यातलं पाणी ती घटाघटा प्यायली. मी हादरलोच.

"राखेनं सात खेपा धुतला, वास बी येत नाही," ती म्हणाली.

असली रसायनं अंगातले हार्मोन बिघडवतात, वजन आणि शुगर वाढायला तीही कारण असू शकतात, हे मी तिला घाईघाईनं सांगितलं. झाकण लावता लावता तिचा हात थांबला.

"सुनेले सातवा महिना हाये," ती हळूच म्हणाली. "तिच्या पाण्यासाठी म्या नवा डबा देल्ला. परवाच्या फवारणीचा."