पाहुण्याने खाली आणलेली पट्टी

तेलंगण वेगळं व्हायच्या दिवसांत हैदराबादेत सारखे बंद असायचे, त्यामुळे आमच्या रॉक बँडला सरावाला वेळच वेळ होता. तरी वाजवायला येत नव्हतंच. काचीगुड्यापासून चिक्कडपल्लीपर्यंत आमची कीर्ती होती, ती केवळ दणदणाटाची. गायक बेंबीच्या देठापासून ओरडायचा आणि मी त्याच्यावर गिटार ओतायचो.

एका कार्यक्रमासाठी पाहुणा कीबोर्डवाला आणला. गौलीगुड्याचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रातला, कडक इस्त्रीच्या शर्टातला. "आता अक्षता तेवढ्या वाटा," मी म्हणालो. ऑर्केस्ट्रातल्या रिवाजाप्रमाणे त्यानं आधी गायकाला नुसतं गुणगुणायला लावलं आणि मग आमच्याकडे वळला. "इसकी पट्टी नीचे है भाई, तुम लोगां ऊपर खींचरे. काली एक पे आओ सब."

मला येणारे चार कॉर्ड त्या पट्टीत बसेनात. गिटारीची पट्टी बदलायला एक चिमटी मिळते, पण ती शिकाऊ पोरांसाठी असते असं मीच सगळ्यांना ऐकवत आलो होतो. बँडमधली जागा जाऊ नये म्हणून कार्यक्रमात मी गिटारीचा आवाज शून्यावर नेला आणि केस उडवत नुसता हात हलवत राहिलो. त्या दिवशी गाण्याचे शब्द लोकांना पहिल्यांदा ऐकू आले.

स्टेजवरून उतरल्यावर गायकानं मला मिठी मारली. "क्या बजाया रे तू आज. इथून पुढे असंच वाजव."

बँड होता तोवर मी तसंच वाजवलं.