चिंचेसाठी खड्डा

दादा, जामखेडच्या स्टँडवर तू मला पुण्याच्या गाडीत बसवून दिलंस, तो दिवस आठवतो का? माझ्या मांडीवर दह्याचा रिकामा डबा होता आणि त्यात आपल्या दारच्या चिंचेखाली उगवलेलं बोटभर रोप. खिडकीशी उभा राहून तू हसलास. "पुण्यात चिंचा मिळत न्हाईत व्हय?" अण्णांनी मात्र जळक्या मोटारीतून काढलेल्या तांब्याच्या तारेचं एक वेटोळं खिडकीतून आत दिलं. काही बांधायला लागेल म्हणून. त्याच चिंचेखाली बसून लोकांच्या विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणारा माणूस लेकीला दुसरं काय देणार?

पुढे नोकरी, लग्न, भाड्याची घरं, मग हा फ्लॅट. बाल्कनीत चिंच ठेवायची तर तिला लहानच ठेवावी लागते, म्हणून यूट्यूबवर बघून बॉन्साय शिकले. दोन-तीन वर्षांनी तिला ट्रेमधून काढायची, मुळं छाटायची, पुन्हा बसवायची. फांद्यांना वळण द्यायला अण्णांचीच तार वापरली. मोटार भरताना ते म्हणायचे, "तार वढू न्हको, बसवत जा." तशीच बसवत गेले. अण्णा गेले तेव्हा खोड अंगठ्याएवढं झालं होतं.

आता मुद्द्याचं बोलते. गेल्या उन्हाळ्यात तू आईला माझ्याकडे पाठवलंस. "तिला जरा बदल हुईल," म्हणालास. मला केवढं कौतुक वाटलं तुझं! आणि ती इथे असताना तू चिंच तोडायला कटरवाला बोलावलास. आम्हाला कळलं ते फॅमिली ग्रुपवरच्या फोटोतून. मोकळं अंगण, नव्या गाळ्यांचे कॉलम आणि खाली तुझे हात जोडलेले इमोजी. आईने मोबाईल जवळ धरला, लांब धरला. मग मला विचारलं, "आन मी खाट कुठं टाकायची?"

सकाळी चिंचेच्या पश्चिमेला, दुपारनंतर पूर्वेला. जन्मभर ती सावलीमागे खाट ओढत आली. हे तुला माहीत नव्हतं? विचारलं असतंस तर ती नाही म्हणाली असती, म्हणूनच विचारलं नाहीस. आईला घराबाहेर काढून तिचं झाड पाडलंस तू. गाळे हवे होते तर मागची जागा होती, पण तुला रस्त्याला लागूनच हवे होते.

तेव्हापासून ती इथेच आहे. परत जायचा विषय काढला की भाजी निवडायला बसते. संध्याकाळी बॉन्सायची पानं मिटली की म्हणते, "निजली बाई." आणि तारेवरून बोट फिरवते. "मोकळी कर की गं हिला. काय गुन्हा केलाय हिनं?" मी तिला ही कला असते वगैरे समजावत बसायचे.

आणि काल तुझा फोन. गाळ्यांचं ओपनिंग आहे. "तुझी ती कुंडी घिऊन ये. काउंटरवर ठिऊ. लोकान्ला सांगता यील, त्याच चिंचंची हाय म्हनून." माझं डोकंच फिरलं. फोन कट केला तो त्यामुळे, रेंज गेली नव्हती. झाड नको, सावली नको, आई परत का आली नाही याची चौकशी नको, पण शोभेला चिंच हवी!

तर ऐक. कुंडी येणार नाही, चिंच येणार आहे. आज सकाळी मी तिची सगळी तार सोडली. जमिनीत मुळं मोकळी झाली की बॉन्सायसुद्धा वाढतं. गाळ्यांपुढे पार्किंगला जागा सोडली आहेस ना, तिथे मधोमध खड्डा खणून ठेव. गिऱ्हाइकांच्या गाड्या कुठे लागतील ते तू बघ. जागा अजून आईच्या नावावर आहे, हे विसरू नकोस. घर कुठं, असं कोणी विचारलं की मी बेधडक जामखेड म्हणायचे. त्या फोटोनंतर जीभ अडते. आता माझं घर त्या खड्ड्याएवढंच उरलंय, आणि तेवढं मी सोडणार नाही.

आईला मी स्पष्ट सांगितलं, हिची सावली पडायला खूप वर्षं लागतील. ती पिशवीत लुगडी भरत होती.

"लागू दे," म्हणाली. "खाट कुठं टाकायची ते तर ठरलं."